गुणवंताची डावी टाच

पांढुर्ण्याच्या स्टेशनाकडच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, गुणवंता कापसाचा पारखी होता. आजूबाजूच्या खेड्यांतले शेतकरी त्याला मान देत, पण त्याच्या डाव्या हाताला भीत. तहसीलदाराच्या सहीलाही कोणी एवढं भीत नसे.

उजव्या हाताचं सांगण्यासारखं काही नव्हतं. अठराव्या वर्षी याच जिनिंगच्या यंत्रात त्या हाताची बोटं सापडली. बोटं वाचली, पण शेंड्यांची जाण गेली ती गेलीच. वाफाळत्या चहाचा पेला तो त्या हातात निवांत धरून बसायचा आणि चटका पाहणाऱ्यांना बसायचा. देवानं एका हातातलं काढून दुसऱ्यात घातलं म्हणा, की गरजेपोटी डावा हात शहाणा झाला म्हणा, पुढं त्या हातानं नाव काढलं एवढं खरं.

दिवाळी झाली की जिनिंगच्या फाटकाशी कापसानं भरलेल्या बैलबंड्यांची रांग लागायची. संत्र्याची एक रिकामी पेटी पालथी घालून गुणवंता तिच्यावर चढायचा, उजव्या हातानं बंडीचा दांडा धरायचा आणि डावा हात बगलेपर्यंत कापसात खुपसायचा. डोळे आभाळाकडं. आत बोटं काय चाळत, काय चिवडत ते कोणाला दिसायचं नाही. मग हात आतच ठेवून तो बोलायचा, "खाली कवडी हाय." कवडी म्हणजे न उमललेल्या, किडक्या बोंडांतला पिवळा, गुठळीसारखा कापूस. शेतकरी तो पांढऱ्याशुभ्र कापसाखाली लपवून आणत आणि वर शपथा घेत.

हात आत असतानाच बोलायचं, हा त्या जिनिंगचा जुना दंडक. म्हणे पूर्वीचा एक पारखी बाहीत कवडी लपवून न्यायचा आणि शेतकऱ्याच्या बंडीतून निघाली म्हणून दाखवायचा. तेव्हापासून ठरलं होतं, 'हात आत, बोल बाहेर.' एकदा हात बाहेर आला की पारख्याचा शब्द धरायचा नाही. गुणवंताला या दंडकाची कधी अडचण झाली नव्हती. खोट सापडली की तोंडानं सांगण्याआधी त्याची डावी टाच पेटीवर आपटायची, ठक. ही त्याची खोड. रांगेतले शेतकरी तो ठक ऐकूनच कपाळाला हात लावायचे.

सगळ्यात जास्त वेळा कपाळाला हात लावला असेल तो नत्थूजीनं. नत्थूजी साठीचा, पांढऱ्या मिशांचा आणि बिलंदर. दर साली खरेदीच्या मुहूर्ताच्या दिवशी त्याची बंडी यायची, दर साली तिच्या तळाशी कवडी असायची आणि दर साली गुणवंता ती शोधून काढायचा. "काय सांगून राहिला बाप्पा! थे तर बायकोनं भरलं असन," असं नत्थूजी दर साली म्हणायचा. नत्थूजीची बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती.

हे सगळं चंद्रकला रोज पाहायची, कारण तीही तिथंच होती. गुणवंताची बायको, माहेर बोरगावचं. जिनिंगमध्ये कापसातून कवडी निवडायला बसणाऱ्या बायांत ती बसायची. नवऱ्यानं बोटांनी शोधायची आणि तिनं डोळ्यांनी, असा संसार चालला होता. चारचौघांत ती कधी बोलली नाही, पण तो ठक ऐकला की तिला मनातून फार बरं वाटायचं.

लग्नाला चार वर्षं झाली आणि गुणवंताला मेंदूचा ताप आला. माणूस वाचला, पण मागे मिरगी ठेवून गेला तो ताप. आधी महिन्या-दोन महिन्यांनी, मग आठवड्याला, मग दिवसातून दोन-तीनदा. आणि त्याची मिरगी हातपाय झाडत बसणारी नव्हती. उभा माणूस, बोलता बोलता, धाडकन खाली. हात पुढं करायलाही वेळ नाही. चुलीवर पडला, हौदाच्या काठावर पडला, वजनकाट्यावर पडला. कपाळावर, हनुवटीवर टाक्यांच्या खुणा. लोक धावून यायचे आणि नाकाशी जोडा धरायचे. "जोडा हुंगवून मिरगी जात असती तर चांभाराच्या घरी कोणी आजारीच पडलं नसतं," असं चंद्रकला एकदा फणकाऱ्यानं म्हणाली, तेव्हापासून कांदा धरायला लागले.

आठ वर्षं तिनं कान टवकारून काढली. घरात पातेलं पडलं तरी तिचा जीव उडायचा. नागपूरच्या औषधांनी थोडं कमी, पुन्हा जास्त. शेवटी गुणवंता भरल्या बंडीवरून मागे कोसळला आणि बैलांच्या पायांत गेला. बैल शहाणे, जागचे हलले नाहीत. त्या दिवशी चंद्रकलेनं ठरवलं की आता जे काय असेल ते एकदाच होऊन जाऊ दे.

तिचा धाकटा भाऊ दत्तात्रय सौंसरला शाळामास्तर होता. त्याला इंग्रजी येत होतं आणि घरात प्रवासाची भीती नसलेला तो एकटाच. शहाऐंशी सालच्या चैत्रात आपल्या मुलीला, स्मिताला, शाळेसाठी त्याच्याच घरी ठेवून तिघं दक्षिणेतल्या एका मोठ्या इस्पितळात गेले. तिथल्या डॉक्टरनं तपासण्या केल्या आणि इंग्रजीत सांगितलं. दत्तात्रयानं ते मराठीत उलगडलं.

"भाऊजी, मेंदूचे दोन भाग असतात. एक डावा, एक उजवा. मधात एक पूल असते. तुमची मिरगी एका बाजूनं उठते अन् पुलावरून दुसरीकडं धावते. दोन्ही बाजू एका टायमाले पेटल्या की तुमी धाडकन पडता. डॉक्टर म्हणून राहिले, थो पूलच कापून टाकू."

गुणवंतानं विचार केला. पांढुर्ण्याचा माणूस तो. जाम नदीच्या या काठाला पांढुर्णा, त्या काठाला सावरगाव, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही काठांवरून एकमेकांवर होणारी दगडांची गोटमार लहानपणापासून पाहिलेला.

"म्हणजे डोक्यात एकीकडं पांढुर्णा अन् एकीकडं सावरगाव," तो म्हणाला. "मंग पूल तोडल्यावर मले रोजच गोटमार."

दत्तात्रयानं हसत हसत ते डॉक्टरला सांगायचा प्रयत्न केला, पण ते काही जमलं नाही. चंद्रकला मात्र हसली नाही. नवऱ्याचं डोकं उघडून त्याचे दोन भाग वेगळे करायचे, मग त्यातला तिचा नवरा कुठल्या भागात राहणार, हा प्रश्न तिला पडला होता आणि तो कोणाला विचारावा हे कळत नव्हतं. संमतीच्या कागदावर अंगठा तिनंच दिला.

ऑपरेशन झालं. नऊ दिवस गुणवंता बोलला नाही. डोळे उघडे, सांगितलं की उजवा हात उचलायचा, डावा मात्र गादीवर परक्या माणसासारखा पडलेला. चंद्रकला उशाशी बसून मनातल्या मनात बोरगावच्या मारुतीला काय काय कबूल करत होती ते तिचं तिलाच ठाऊक. दहाव्या दिवशी सकाळी तिनं चमच्यानं चहा पाजला आणि तो स्पष्ट म्हणाला, "साखर नाई यात."

ती बाहेरच्या व्हरांड्यात जाऊन मनसोक्त रडली. आठ वर्षांत पहिल्यांदा रडायला फुरसत मिळाली होती.

मिरगी गेली. अगदी समूळ नाही. कधी एक बाजू थोडी थरथरायची, गोळ्या चालू ठेवायच्या होत्या. पण ते धाडकन पडणं गेलं ते गेलंच. एक आठवडा, दोन आठवडे, महिना. चंद्रकलेला आधी विश्वासच बसेना. मग हळूहळू ती पाठ करून बसायला लागली, तो चालत असताना दुसरीकडं बघायला लागली. एवढं साधं सुख जगात असतं हे ती विसरून गेली होती.

पण गुणवंता म्हणाला होता तशी गोटमारही सुरू झाली. उजवा हात सदऱ्याची गुंडी लावायचा आणि डावा मागून येऊन ती काढायचा. उजव्या हातानं भाकरीचा तुकडा मोडला की डावा ताट पुढं सरकवायचा. गुणवंता त्या हाताकडं दुसऱ्याच्या बैलाकडं पाहावं तसा पाहायचा. "अजी, तुमी असं कायले करून राहिले?" चंद्रकला विचारायची. "मी नाई करून राहिलो. थो करून राहिला," तो म्हणायचा. उजव्या हातानं केलेलं दान डाव्याला कळू नये म्हणतात. इथं दानच काय, गुंडीसुद्धा कळत नव्हती.

इस्पितळ सोडायच्या आधी डॉक्टरनं एक गंमत दाखवली, निदान त्याला ती गंमत वाटत होती. गुणवंताचे हात कापडाखाली ठेवले आणि डाव्या हातात किल्ली दिली. "काय हाय?" दत्तात्रयानं विचारलं. "काडेपेटी," गुणवंता बिनदिक्कत म्हणाला. मग किल्ली काढून घेतली आणि कापडाखालीच किल्ली, चमचा, काडेपेटी, खडू असं सगळं ठेवलं. "आता मघाची वस्तू उचला." डाव्या हातानं चाचपून नेमकी किल्ली उचलली. "काय उचललं?" "सांगतलं ना, काडेपेटी."

चंद्रकलेच्या अंगावर काटा आला. हाताला माहीत आहे आणि माणसाला माहीत नाही! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

डॉक्टरनं समजावलं. डावा हात मेंदूच्या उजव्या भागाचा, बोलणं डाव्या भागाचं. हाताला कळलेलं पुलावरून तोंडाकडं जायचं, तो पूल आता नाही. तोंडाला काही कळत नाही, पण गप्प बसवत नाही म्हणून ते काहीतरी ठोकून देतं. खोटं म्हणून नव्हे, त्याला खरंच वाटतं म्हणून.

"मंग हे असंच राहीन?" तिनं विचारलं.

डॉक्टर बराच वेळ बोलला. दत्तात्रयानं त्यातलं तिला एवढंच सांगितलं, "ताई, ते म्हणतात, थी उजवी बाजू मुकी हाय, पण बहिरी नाई. पूल नसला तरी माणसं काठावरून खुणा करतातच. करत करत शिकतीन."

पांढुर्ण्याला आल्यावर गुणवंताला यातलं काहीच मोठं वाटत नव्हतं. पडत नाही ना, मग झालं. भादव्यात तो ऐटीत जिनिंगमध्ये गेला. मालक भगवंतराव खुर्चीतून उठून भेटले. कोपऱ्यात जुन्या कापसाचा ढीग होता. चार माणसं जमलेली पाहून गुणवंतानं हौसेनं त्यात डावा हात घातला आणि म्हणाला, "साफ माल."

त्या ढिगात वाळका पाला इतका होता की वरूनही दिसत होता. गुणवंताचे डोळे मात्र सवयीप्रमाणं आभाळाकडं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

संध्याकाळी भगवंतराव घरी आले. माणूस चांगला, पण धंद्याचा. "गुणवंता, तुले मी सोडणार नाई," ते म्हणाले. "मुहूर्ताच्या दिवशी तीन बंड्या पाह्य. तिन्हीची पारख बरोबर निघाली तर पेटी तुझी. नाई तर फाटकावर खुर्ची टाकून देतो. आरामाचं काम हाय."

ते गेल्यावर गुणवंता दारातच बसला. मग म्हणाला, "फाटकावर बसून बंड्या मोजू का मी?" चंद्रकलेनं आठ वर्षांत त्याला कितीदा जमिनीवर पडलेला पाहिला होता, पण एवढा खचलेला पाहिला नव्हता. मिरगीतून सोडवून आणलेला माणूस फाटकावरच्या खुर्चीत वाळवायचा असेल तर आपण हे सगळं कशासाठी केलं, असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःचाच राग आला.

दुसऱ्या दिवसापासून तिनं शाळा घातली. ओट्यावर कापसाचं पोतं उभं केलं. खाली संत्र्याची पेटी पालथी घातली, कारण कामासारखंच काम झालं पाहिजे. पोत्यात कधी कवडी घालायची, कधी पाला, कधी सुटी सरकी, कधी मागच्या सालचा मळका कापूस. गुणवंता हात घालायचा आणि फाडफाड उत्तर द्यायचा. कवडी असली की पाला म्हणायचा, पाला असला की सरकी. उचलली जीभ लावली टाळ्याला. दहातलं एखादं बरोबर यायचं, तेही योगायोगानं. उजव्या हातानं करून पाहिलं, पण त्या बोथट बोटांना कापूस आणि गवत सारखंच.

पंधरा दिवस असे गेले. एका दुपारी चंद्रकलेचा तोल सुटला. गुणवंता पोत्यात हात घालून "पाला हाय, पक्का पाला" म्हणत होता.

"काय पाला पाला लावलं!" ती ओरडली. "कवडी हाय थे! माह्या हातानं घातली मी. कवडी!"

ठक.

दोघंही थांबले. ती खाली पाहत होती. गुणवंताची डावी टाच पेटीवर होती.

"पाय कायले आपटला?" तिनं हळूच विचारलं.

"मी नाई आपटला."

"हात आतच ठेवा. ऐका. पाला?" काही नाही. "सरकी?" काही नाही. "जुना माल?" काही नाही. चंद्रकला पेटीकडं वाकली. "कवडी?"

ठक.

डावा हात ज्या बाजूचा, डावा पायही त्याच बाजूचा. ती बाजू मुकी होती, बहिरी नव्हती. सहा महिने ती बिचारी ऐकत होती, आपल्याला विचारतील म्हणून वाट पाहत होती, आणि तोंडाची बडबड संपत नव्हती म्हणून तिला कोणी विचारलंच नव्हतं. चंद्रकलेला त्या टाचेचाच एकदम कळवळा आला. तिनं खाली बसून दोन्ही हातांनी ती दाबली, मग लाज वाटून उठली.

पुढचं काम सोपं होतं आणि अवघडही. दर वेळी ती थोडीच विचारायला जाणार होती? तोंडानं सांगायचं सोडून विचारायला शिकायचं होतं. गुणवंतानं एकेक नाव स्वतः घ्यायचं, दमानं, आणि ठक ऐकू येईपर्यंत थांबायचं. तोंडाला आवरणं सगळ्यात कठीण गेलं. "ते घाई करते," गुणवंता म्हणायचा. मग चंद्रकलेनं युक्ती काढली. तोंडात सुपारीचं खांड धरायचं, एक नाव घ्यायचं, सुपारी या गालातून त्या गालात न्यायची, मग दुसरं नाव. दसऱ्यापर्यंत पाचात चार बरोबर यायला लागली. दिवाळीपर्यंत एकही चुकेना. आपल्याच पायाचं ऐकायला शिकलेला दुसरा माणूस त्या पंचक्रोशीत नसेल.

मुहूर्ताच्या दिवशी जिनिंगच्या फाटकाला आंब्याचं तोरण लागलं. गर्दी नेहमीपेक्षा जास्त. गुणवंताचे डोक्यातून दोन तुकडे केलेत ही बातमी खेड्याखेड्यांत गेली होती, आणि तुकडे दिसतात का ते पाहायला माणसं आली होती. चंद्रकला बायांच्या ओळीत बसली होती. हातात कापूस, पण डोळे पेटीवर.

पहिली बंडी. गुणवंता चढला, दांडा धरला, हात खुपसला. सुपारी गालात. "पाला?" तो स्वतःशीच पुटपुटल्यासारखा म्हणाला. "सरकी? कवडी?" ठक. "कवडी हाय, डाव्या अंगाले," तो मोठ्यानं म्हणाला. उकरून पाहिलं तर टोपलंभर निघाली. दुसऱ्या बंडीत पाला होता, तोही सापडला. लोकांत कुजबुज झाली. भगवंतरावांनी मान डोलावली.

तिसरी बंडी नत्थूजीची.

लोक आधीच हसायला लागले. ही तर फुकटची परीक्षा. नत्थूजीच्या बंडीत कवडी असते हे बैलांनाही माहीत. गुणवंतानं हात घातला आणि त्याच्या तोंडातून आपसूकच निघालं, "कव..."

टाच हलली नाही.

त्यानं तोंड मिटलं. सुपारी इकडून तिकडं. "कवडी?" नीट विचारलं. काही नाही. "पाला?" नाही. "सरकी? जुना माल?" नाही. पुन्हा "कवडी?" टाच पेटीवर मुकाट.

बायांच्या ओळीत चंद्रकलेच्या हातातला कापूस खाली पडला. तिच्या लक्षात आलं होतं. दीड महिना ती रोज पोतं भरत होती, रोज त्यात काहीतरी खोट घालत होती. साफ कापूस तिनं त्याला एकदाही दिला नव्हता! पारख्याची बायको ती. खोट शोधायची शाळा घातली आणि चांगल्या मालाचा धडाच राहिला. शिवाय टाचेची जुनी खोडही खोट सापडल्यावर आपटायचीच. चांगल्या मालाला ती कधी आपटली होती?

बंडीपाशी नत्थूजी अस्वस्थपणे मिशी ओढत होता. भगवंतरावांच्या कपाळाला आठी पडली. "बोल गुणवंता," ते म्हणाले. गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "अबे कवडी म्हण ना, दर सालची हाय!" गुणवंताचं तोंड शिवशिवत होतं हे चंद्रकलेला इथूनही दिसत होतं. म्हणून टाकलं असतं तर सगळ्यांना पटलंही असतं. ती उठून उभी राहिली. ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण दंडकाप्रमाणं बोल पारख्याचा होता, बायकोचा नव्हता.

गुणवंतानं आभाळाकडं पाहिलं. सुपारी थुंकून टाकली. आणि आजवर कधी विचारलं नव्हतं ते नाव घेतलं.

"साफ?"

क्षणभर काहीच झालं नाही. मग टाच उचलली गेली, जरा घुटमळली, आणि आली खाली.

ठक.

"माल साफ हाय," गुणवंता म्हणाला. "तळापर्यंत."

हशा उसळला. भगवंतरावांचा चेहरा उतरला. "नत्थूजीची बंडी अन् साफ?" ते हळू म्हणाले. आवाजात राग नव्हता, वाईट वाटलेलं होतं. "खाली करा रे बंडी."

चार गड्यांनी बंडी उपसली. पांढरा कापूस. त्याखाली पांढरा कापूस. तळाच्या फळ्या दिसेपर्यंत पांढराच. शेवटचा पुंजका भगवंतरावांनी स्वतः उचलला, उजेडात धरला आणि खाली ठेवला. सगळे आता नत्थूजीकडं पाहायला लागले.

"अरे, असे काय पाहून राहिले?" नत्थूजी चिडून म्हणाला. चोरी सापडल्यावर तो कधी एवढा ओशाळला नव्हता. "बिचारा दुखण्यातून उठला. म्हटलं यंदा त्याले तरास नको. रात्रंदिवस बसून निवडली मी कवडी, एकेक! मले काय ठाऊक, तुमी सारे तिचीच वाट पाहून राहिले म्हणून!"

आता हसणं वेगळंच होतं. भगवंतरावही हसले, डोळे पुसून हसले. नत्थूजी पेटीपाशी गेला. "भल्याचा जमाना नाई राहिला गुणवंता," तो म्हणाला. "माह्या चांगुलपणानं तुले फाटकावर बसवलं असतं. पुढच्या साली कवडी आणतो. आपलं नेहमीचं बरं."

"आण," गुणवंता म्हणाला. "पण बायकोनं भरली म्हणू नको."

चंद्रकलेचा जीव भांड्यात पडला. ती खाली बसली आणि समोरच्या कापसातून कवडी निवडायला लागली, पण डोळे भरल्यामुळं तिला चांगलं काय नि वाईट काय काहीच दिसत नव्हतं. शेजारच्या बाईनं तिच्या हातातून चांगलाच कापूस काढून परत ढिगात टाकला.

उतरत्या उन्हात दोघं घरी आले. त्यानं हातपाय धुतले, सदऱ्याची गुंडी काढायला दोन्ही हात एकदम गेले आणि या वेळी भांडले नाहीत. चंद्रकलेनं चहा केला, साखर जरा जास्तच घातली. तो ओट्याशी ठेवलेल्या संत्र्याच्या पेटीवर बसला होता. उजव्या हातात पेला, डावा मांडीवर. रस्त्यानं जाणाऱ्या बंड्यांकडं पाहत होता.

"भेवले होते का आज?" तिनं विचारलं.

"भ्यायले काय झालं?" तो म्हणाला. "आपलं रोजचंच काम."

तोंडाचा काही भरवसा नव्हता, तिला ठाऊक होतं. ते आधीपासूनच तसं, ऑपरेशनचा त्यात काही दोष नव्हता. बारा वर्षांत ते तिला एकदाही गोड बोललं नव्हतं. ती त्याच्या पायांशी जमिनीवर बसली आणि त्याच्याकडं न पाहता हळू आवाजात, एकेक नाव थांबून घेत विचारायला लागली.

"दमले?"

रस्त्यावरून एक बंडी गेली.

"राग आला?"

तो पेल्यातला चहा फुंकत राहिला.

"मी... मी जवळ असली की बरं वाटते?"

"आता हे काय नवीन काढलं," गुणवंता म्हणाला, "चहा पिऊ दे ना बाई."

ठक.